धाकटीचं वय

सोमवारी सकाळी पंधराव्या प्रकरणाची चार पानं वाचून झाली आणि काचेपलीकडून रेकॉर्डिस्टनं हात वर केला. हात वर म्हणजे थांबा. तिला वाटलं, पान उलटल्याचा आवाज आला असेल, नाहीतर पोट गुरगुरलं असेल; माइक इतका चुगलखोर की गिळलेला आवंढासुद्धा पलीकडे पोचवतो. पण "मॅडम, मागच्या वाक्यापासून घ्या" असं नेहमीसारखं तो म्हणाला नाही. कानावरचे हेडफोन उतरवून त्यानं ते मांडीवर ठेवले, मानेमागे खाजवलं आणि बटण दाबून म्हणाला, "मॅडम, चौदावं संपतं तिथलं जरा ऐकता का? म्हणजे जोड कसा बसतो ते बघू." मग तिच्या कानात एक बाई वाचायला लागली. स्वच्छ, किंचित घाईचा आवाज. वाक्याचं शेवटचं टोक हलकेच उचलून धरणारा. प्रकरण संपलं, दोन श्वासांची शांतता गेली आणि दुसरीच कोणीतरी बाई वाचू लागली. हिचा आवाज खाली बसलेला होता, कोरडा होता, शब्दाच्या कडा सुकलेल्या भाकरीसारख्या. रेकॉर्डिस्टनं तिच्याकडे न बघता आवाज थांबवला. "सर्दी असेल," ती म्हणाली. "हो, हवाच तशी आहे," तो म्हणाला. बाहेर हवा अगदी छान होती.

अंध वाचकांच्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर ही वाचनाची खोली होती. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, भिंतींना राखाडी स्पंज, एक टेबल, एक खुर्ची, मान वाकवलेला दिवा. पंखा नाही, कारण पंख्याची घरघर पुस्तकात शिरते. अकरा वर्षं ती या खोलीत वाचत होती. प्रवासवर्णनं, बागकामाची पुस्तकं, कायद्याची एक कंटाळवाणी मालिका, आणि आता ही बत्तीस प्रकरणांची जाडजूड कादंबरी. चौदा प्रकरणं वाचून ती रजेवर गेली होती. दहा आठवड्यांनी परत आली तेव्हा खोली तशीच होती, खुर्चीची कुरकुरही तशीच. पहिले काही आठवडे ती रेकॉर्डिंगशिवाय पुढची प्रकरणं नुसती मोठ्यानं वाचून बघत होती. फक्त खोलीत वाफ यायला लागली होती. दवाखान्यातली नर्स घरी सोडताना म्हणाली होती, "गरम वाफा येतील हं, घाबरू नका," आणि तेव्हा तिला चहाच्या कपावरची वाफ आठवून हसू आलं होतं. खरी वाफ तशी नव्हती. आधी एक क्षण उगाचच भीती वाटायची, जिन्याची पायरी चुकल्यासारखी. मग छातीच्या हाडामागे काहीतरी पेटायचं आणि गळ्यावरून, हनुवटीवरून, कानांच्या पाळ्यांपर्यंत चढत जायचं. केसांच्या मुळाशी पाणी फुटायचं. या बंद खोलीत कादंबरीतली माणसं बर्फातून चालत असायची आणि ती ते वाचताना पाठीवरून घामाची एकेक धार कमरेपर्यंत उतरताना मोजत बसायची. पानावर थेंब पडला की अक्षर फुगायचं. एवढं होऊनही आवाज तिला दगा देणार नाही असं तिनं धरून ठेवलं होतं. बाकी सगळं शरीराचं होतं, आवाज तेवढा तिचा होता. आज कळलं, तोही शरीराचाच निघाला.

सदतिसाव्या वर्षी तिची पाळी गेली, आणि तीही एका सकाळी, साडेनऊ ते बारा या वेळात. बायकांची पाळी जाते ती वर्षानुवर्षं रेंगाळत, दारातल्या पाहुण्यासारखी. निघते म्हणते आणि पुन्हा बसते. हिची गेली ती गचांडी देऊन काढल्यासारखी. कारण होतं आई. आई गेली तेव्हा ही चौदा वर्षांची होती आणि ताई एकोणीस. आईचं पोट फुगत चाललं होतं आणि शेजारच्या बाईनं गमतीनं विचारलं होतं, "काय हो, या वयात?" आईही हसली होती. त्या हसण्यानंतर सात महिन्यांत, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आई संपली. अंडाशयाचा कर्करोग पोट फुगेपर्यंत कळतच नाही, हे त्यांना नंतर समजलं. गेल्या वर्षी दोघी बहिणींनी रक्त तपासून घेतलं आणि दोघींच्या कागदावर एकच ओळ आली, जनुकातल्या त्याच दोषाची. आईनं दोघींना नाक दिलं होतं, डावरेपणा दिला होता, हेही दिलं होतं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढून टाकलेली बरी, दोघींनीही, लवकर. आणि घराण्याचा इतिहास, त्यात हिच्या स्तनातली एक जुनी गाठ, म्हणून नंतर हार्मोनच्या गोळ्याही तूर्त देता येणार नाहीत. मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मुलंबाळं?" तिनं सांगितलं की तिनं आणि नवऱ्यानं लग्नाआधीच नको असं ठरवलंय. "मग तर सोपंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सोपंच आहे. हे वाक्य तिच्या टाक्यांपेक्षा जास्त दिवस ओलं राहिलं. तिला मूल नको होतं हे खरंच होतं. त्याबद्दल तिनं कधी उशीत तोंड खुपसलं नव्हतं. आताही हवं होतं असं नाही. पण दर महिन्याला शरीर एक प्रश्न विचारायचं आणि ती नको म्हणायची, चौदा-पंधरा वर्षं म्हणत आली होती, आणि नको म्हणायलासुद्धा जवळ काहीतरी असावं लागतं. आता कोणी विचारतच नव्हतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पॅडचं अर्धं पाकीट पडून होतं. ते फेकून द्यायला गेलं की हात मागे यायचा, आणि ठेवावं तर कशासाठी? या दुःखाला समाचाराला येणारं कोणी नव्हतं. मूल हवं असतं आणि मिळालं नसतं तर लोक हळू आवाजात बोलले असते. हिला सगळे म्हणत, सुटलीस बाई. कटकट गेली. ग्रंथालयातल्या एकीनं तर हेवा केला होता.

नवरा लिफ्टचा तपासनीस होता. दिवसभर उंच इमारतींच्या डोक्यावरच्या यंत्रखोलीत शिरून दोर, कप्प्या, ब्रेक बघायचा आणि घरी येऊन दारं हळू लावायचा. भला माणूस. तिच्यासाठी त्यानं जाड चादरी काढून पातळ आणल्या, टेबलावरचा छोटा पंखा आणला, तिला वाफ आली की न बोलता खिडकी उघडू लागला आणि तिला हुडहुडी भरली की न बोलता लावू लागला. "मी आता खिडकीचा लिफ्टमन झालोय," तो एकदा म्हणाला, आणि ती मनापासून हसली होती. पण एका सुट्टीच्या दुपारी, चार महिन्यांनी पहिल्यांदा तो जवळ आला तेव्हा तिला दुखलं. थोडं नाही, कोरड्या लाकडावर लाकूड घासावं तसं. तिनं ओठ चावला, त्याला ते दिसलं, आणि तो ताबडतोब बाजूला होऊन म्हणाला, "चहा टाकू?" तेव्हापासून तो तिला हात लावायचा तो दार ठोठावल्यासारखा. दुखणं ती सोसू शकली असती. त्यावर मलम होतं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. खरं दुखणं वेगळंच होतं. तो शर्ट काढून आरशासमोर दाढी करत उभा राहिला की पूर्वी तिच्या आत कुठेतरी एक दिवा लागायचा. आता ती त्याच्या पाठीकडे बघायची, ही पाठ चांगली आहे हे तिला आठवायचं, आणि दिवा लागायचा नाही. भूक गेल्याचं दुःख ताटाला कसं सांगायचं? शिवाय शब्द हरवत होते. अकरा वर्षं शब्दांवर पोट भरलेली बाई एका सकाळी गॅससमोर उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "ते दे, ते, गरम भांडं धरायचं," आणि तो चिमटा तिच्या डोळ्यांसमोर खिळ्याला लटकत होता. गुडघे उठताना बोलायचे. कंगव्यात केस यायचे. ओठांच्या वर, दोन्ही टोकांना, आईला चाळिशीत आली होती तशी बारीक लव आली होती.

यातलं काही ताईला माहीत नव्हतं. ताईचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासणं, भिंगं घासून बसवणं, काड्या सरळ करणं सगळं ती स्वतः करायची. हात कामात आणि तोंड गप्पांत. दर रविवारी तिचा फोन यायचा. "बारके, कसं वाटतंय गं?" सदतीस वर्षांच्या बाईला बारकी म्हणणारी जगात आता ही एकच उरली होती. आणि बारकी दर रविवारी सांगायची, "काही नाही गं. मजेत आहे. थोडं गरम होतं इतकंच." कारण ताई बेचाळीस वर्षांची होती. आईच्या वयाला दोन वर्षं उरली होती आणि ताई ऑपरेशनची तारीख घेत नव्हती. दुकानात माणूस मिळत नाही, मुलांच्या परीक्षा आहेत, पावसाळा होऊन जाऊ दे. ताईकडे कारणांची भिंगं डबा भरून होती. खरं सांगितलं तर ताई कधीच तयार होणार नाही, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि खोटं बोलायला तिचा आवाज कामाचा होता. बर्फ वाचताना घाम लपवणारा आवाज.

शनिवारी रेकॉर्डिस्टनं तिला वरच्या मजल्यावर बोलावलं. पुस्तकं बदलायला एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाई यायच्या. जन्मापासून दृष्टी नव्हती, पण बत्तीस वर्षं शहरभरचे आवाज कानातून गेलेले. रेकॉर्डिस्ट कधीमधी त्यांचं मत घ्यायचा. त्यानं दोन्ही तुकडे लावले. ती शेजारच्याच टेबलापाशी बसली होती, श्वाससुद्धा जपून घेत. ऑपरेटरबाईंनी काठीची घडी मांडीवर ठेवून, मान तिरकी करून ऐकलं. "पहिल्या त्या आपल्या नेहमीच्या बाई," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण असाव्यात. घराणं एकच, शब्द सोडायची पद्धत तीच. पण वयानं बऱ्याच मोठ्या." रेकॉर्डिस्टनं तुकडा बंद केला. "चांगलं वाचतात हो त्याही," बाई पुढे म्हणाल्या. "जरा दमलेल्या वाटतात, पण समजून वाचतात. धाकट्या छान वाचायच्या, पण पुस्तकाच्या पुढे पळायच्या." मग काठी उघडत त्यांनी विचारलं, "आणि त्या धाकट्या? सोडलं का त्यांनी?" रेकॉर्डिस्टनं तिच्याकडे बघितलं. तिनं तोंड उघडलं असतं तर बाईंना लगेच कळलं असतं. तिनं मान हलवली, सांगू नका म्हणून. "सध्या येत नाहीत त्या," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "बऱ्या आहेत ना?" "हो, हो." "माझा नमस्कार सांगा," बाई म्हणाल्या आणि काठी टेकवत गेल्या. ती बराच वेळ बसून राहिली. आपल्याला कोणीतरी नमस्कार पाठवलाय आणि तो पोचवायचा कुठे, असं तिला झालं होतं.

सोमवारी तिनं सांगितलं की ती पहिल्या प्रकरणापासून पुन्हा वाचेल. रेकॉर्डिस्टनं सुचवलं होतं की पुढची प्रकरणं नव्या मुलीला देऊ, तुम्हीही थोडी विश्रांती घ्या. ती नाही म्हणाली. "मग आधीची चौदा पुसू? जागा लागेल." त्याचा हात माऊसवर होता. तिला क्षणभर वाटलं, म्हणावं, राहू द्या, एखादं तरी. घरी नेऊन काय करणार होती? नवऱ्याला ऐकवणार होती? "पुसा," ती म्हणाली. पुसायला एक सेकंदही लागला नाही. साडेनऊ ते बारा तरी लागायला हवे होते, असं काहीतरी खुळ्यासारखं तिच्या मनात आलं. मग ती आत जाऊन बसली, दिव्याची मान वाकवली आणि पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य नव्या आवाजात वाचलं. तीनदा चुकली. चौथ्यांदा बरोबर आलं.

डोळेही कोरडे पडले होते. संध्याकाळपर्यंत ओळी एकमेकींत शिरायच्या. "ये दुकानात, नंबर बघू," ताई म्हणाली, म्हणून त्या रविवारी दुकान बंद असताना ती गेली. मागच्या अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसवून ताईनं तिच्या नाकावर ती जड, गोल, तपासणीची चौकट चढवली. समोर उजळलेल्या पाटीवर अक्षरं. ताई एक भिंग घालायची, काढायची, दुसरं घालायची. "आता बरं की मघाशी?" "मघाशी." खट्. "आणि आता? आता बरं की मघाशी?" "मघाशी." खट्, खट्. "आणि हे?" "मघाशीच." ताई थांबली. "अगं, उलटसुलट करून तीच दोन भिंगं घालतेय मी. एकदा हे, एकदा ते. तू दर वेळी मघाशीच कसं म्हणतेस?" तिला हसायचं होतं. पण त्या लोखंडी चौकटीच्या आत डोळे भरले आणि भिंगं धुकटली, आणि पाटीवरची अक्षरं पाण्याखाली गेली. ताईनं चौकट काढली नाही. खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून ती उभी राहिली, आणि बारकीनं समोरच्या अक्षरांकडे बघत सगळं सांगितलं. वाफ, पाठीवरची धार, नवऱ्याची पाठ, चिमटा, पॅडचं पाकीट. ऑपरेटरबाई काय म्हणाल्या तेही. सांगताना तिला जाणवलं, हे आपण आजवर कोणालाच, स्वतःलासुद्धा, ओळीनं सांगितलं नव्हतं.

"म्हणजे वयानं माझ्या पुढे गेलीस म्हण," शेवटी ताई म्हणाली. "कानामागून आली नि तिखट झाली." पण तिच्या बोलण्यात गंमत नव्हती. ती भिंगं पुसून एकेक डब्यात, आपापल्या खाचेत ठेवू लागली. "मी तारीख घेतलीय," ती डब्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पुढच्या महिन्याची नऊ."

"कधी घेतलीस?"

"तीन रविवार झाले. तू म्हणालीस ना, थोडं गरम होतं इतकंच. फोन ठेवला आणि तसाच दुसरा लावला, धीर आहे तोवर."

बारकीनं चौकट काढून मांडीवर ठेवली. नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ उठले होते. आपण काय करून बसलो हे तिला कळत होतं. खोटं फळाला आलं होतं आणि आपण आत्ताच त्यावर कुऱ्हाड घातली होती. "ताई, सगळ्यांना इतकं होत नाही," ती घाईनं म्हणाली. "तुला गोळ्याही देतील कदाचित. तुझी ती गाठ नाहीये."

"आता सारवू नकोस." ताईनं डब्याचं झाकण लावलं. "भीती वाटतेय. पण आत्तापर्यंत होता तो धीर खोटाच होता की. आईला असं सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ती हसत बसली." तिनं डबा पुन्हा उघडला. "रागावलेय मी तुझ्यावर. नंतर रागावेन. आधी नंबर तरी घेऊ दे. बस नीट." आणि तिनं पुन्हा दिवा लावला.

त्यानंतरचे दोन रविवार ताईचा फोन आला नाही. बारकीनं केला तर मुलानं उचलला आणि आई गिऱ्हाइकात आहे म्हणाला, रविवार असून. ताई जाणार नाही, आणि पुढे जे होईल ते आपल्या तोंडामुळे होईल, असं मनात घेऊन ती रोज त्या खोलीत बसायची आणि वाचायची. आठ तारखेला दुपारी ताईचा निरोप आला: सकाळी सातला पोच, तुझा मेहुणा नुसता येरझाऱ्या घालतो, त्याचा उपयोग नाही.

ऑपरेशन नीट झालं. काढलेलं सगळं तपासायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बारकी खाटेशेजारी स्टुलावर बसून सफरचंद कापत होती, मेहुणा औषधं आणायला खाली गेला होता. उशीला टेकून बसलेल्या ताईनं एकाएकी तिचं मनगट धरलं. "काय होतंय गं हे?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चौदा वर्षांच्या मुलीची भीती होती, पायरी चुकलेली. मग गळ्याच्या खाचेतून लाली वर येताना बारकीला दिसली. आजवर तिनं ती फक्त आतून पाहिली होती. बाहेरून ती अशी दिसते, कपड्यावर शाई पसरत जावी तशी, हे तिला माहीत नव्हतं. तिनं सुरी खाली ठेवली. "काही नाही, काही नाही," असं तिच्या तोंडाशी आलं होतं. तिनं ते गिळलं.

"आता कानांपर्यंत चढेल," ती म्हणाली. "श्वास रोखू नकोस, रोखलास की जास्त वाटतं. केसांत घाम येईल. येऊ दे."

"थांबव ना."

"थांबत नाही ताई. तीन-चार मिनिटं राहतं."

ताईच्या कपाळावर थेंब जमले. तिनं डोळे मिटले, मनगट सोडलं नाही. तिची नखं रुतत होती. खोलीत पलीकडच्या खाटेवरची बाई वर्तमानपत्र वाचत होती, बाहेर कोणीतरी पाण्याची बादली सरकवत होतं. बारकी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग ताईचा गळा निवला, कानही निवले, आणि ती थरथरायला लागली. बारकीनं पायथ्याची चादर ओढून तिच्या खांद्यांपर्यंत आणली.

"हे असं रोज?" ताईनं विचारलं.

"दिवसातून सात-आठदा. पुढे कमी होतं म्हणतात. माझं अजून झालेलं नाही."

ताईनं डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ, डोळे तपासताना बघायची तसं जवळून. "आणि तू दर रविवारी मला मजेत आहे म्हणत होतीस," ती म्हणाली. मग तिनं चादरीचा एक कोपरा उचलून धरला. बारकी चपला काढून, ताईचे टाके जपत, त्या अरुंद खाटेच्या कडेला तिच्या शेजारी आडवी झाली. मेहुणा औषधं घेऊन वर आला तेव्हा दोघींची तोंडं भिंतीकडे होती आणि नेमकं कोण रडतंय ते त्याला दारातून कळेना.